नवस एकाचा, केस दुसऱ्याचे

मराठीत नवस आणि व्रत हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपण सहसा त्यांची गल्लत करत नाही. सोळा सोमवार हे व्रत. ‘पोरगा होऊ दे, तुळजापूरला चालत येईन’ हा नवस. व्रतात मागणं असतंही, पण उपाशी राहायला आजपासूनच लागायचं असतं, देव पावो न पावो. नवसात आधी देवानं द्यायचं, मग आपण फेडायचं. म्हणजे व्रत प्रीपेड आणि नवस पोस्टपेड. आणि पोस्टपेडची गंमत तुम्हाला माहीत आहेच, बिल कधीकधी भलत्याच्याच नावावर येतं.

गेले काही महिने मी हिब्रू धर्मग्रंथांतले ‘नाजीर’ लोक वाचतोय. ज्यूंचा तनाख, ख्रिस्ती लोकांचा जुना करार. वाचताना सारखं वाटत राहिलं, की मराठी बायबलात या सगळ्यासाठी ‘नवस’ हा एकच शब्द वापरलाय आणि त्यामुळे एक महत्त्वाची फट बुजून गेलीय. त्या ग्रंथांतला कायदा सांगतो ते व्रत आहे. त्यांतल्या गोष्टी सांगतात ते नवस आहेत. कायद्यात माणूस स्वतःला वाहून घेतो. गोष्टींमध्ये कोणीतरी दुसऱ्याला वाहून टाकतं.

आधी कायदा. गणना या पुस्तकाचा सहावा अध्याय. कोणीही, पुरुष किंवा बाई, ठरावीक काळापुरतं स्वतःला देवासाठी वेगळं काढू शकतं. त्यासाठी याजक घराण्यात जन्म घ्यावा लागत नाही. तीन बंधनं आहेत. द्राक्षवेलीपासून आलेलं काहीच खायचं-प्यायचं नाही. दारू नाही, सिरका नाही, ताजी द्राक्षं नाहीत, मनुके नाहीत, बी आणि सालसुद्धा नाही. डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आणि प्रेताजवळ जायचं नाही, मग ते आई-बापाचं किंवा सख्ख्या भावा-बहिणीचं का असेना.

तिसरं बंधन वाचताना मी अडखळलो. आई गेली तरी मातीला जायचं नाही. इतकं कडक बंधन एरवी महायाजकावर असायचं. म्हणजे त्या ठरावीक दिवसांपुरता कुठलाही शेतकरी, कुठलीही बाई महायाजकाच्या पायरीवर जाऊन उभी राहू शकत होती. आणि शेजारी कोणी अचानक मेलं तर? तोवरचे सगळे दिवस वाया. सातव्या दिवशी मुंडण, आठव्या दिवशी दोन पारवे किंवा होले अर्पण, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. चूक कोणाचीच नाही, तरी मीटर शून्यावर.

‘नाजीर’ शब्दाचं एक मजेदार उपकथानक आहे, आणि आमच्या शहरात ते जरा जास्तच कळतं. इथं कोर्टात ‘नाझर’ असतो, पण त्याचा यांच्याशी संबंध नाही. तो नजर ठेवणारा, त्याचं मूळ वेगळं. नातं आहे ते खुलताबादच्या दर्ग्यांकडे जाणाऱ्या उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘नज्र’शी, नज्र-नियाजमधल्या. अरबीत त्या शब्दाचा अर्थ नवस, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला हिब्रूतल्या नवसाच्या शब्दाचा भाऊबंद मानतात. आपला मराठी ‘नजराणा’ त्याच नज्रचा. म्हणजे सरदारानं छत्रपतींपुढे ठेवलेला नजराणा आणि शमशोनाचे न कापलेले केस यांचं दूरचं का होईना, सोयरिकीचं नातं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन पडीक ठेवायच्या वर्षाचे नियम आहेत. त्या वर्षी ज्या द्राक्षवेलींची छाटणी करायची नाही, त्यांनाही मूळ हिब्रूत ‘नाजीर’ असाच शब्द आहे. न छाटलेली वेल आणि न कापलेलं डोकं, दोघंही नाजीर. द्राक्ष-बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. छाटणी चुकली की वेल रानटी माजते आणि घड लागत नाहीत. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला, तेव्हा इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची त्यानं नोंद केली. तेव्हा हा भाग द्राक्षांना नवा नाही. न छाटणं म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणं. नाजीर माणूस काही काळ कोणाच्या उपयोगाचा राहत नाही, माळ्यानं हात काढून घेतलेल्या वेलीसारखा.

मुदत संपली की तो निवासमंडपाच्या दाराशी येतो. एक कोकरू होमार्पणाला, एक मेंढी पापार्पणाला, एक एडका शांत्यर्पणाला, बेखमीर भाकऱ्यांची टोपली. डोकं भादरायचं आणि केस शांत्यर्पणाखालच्या विस्तवात टाकायचे. मग कायदा शांतपणे सांगतो, की आता त्यानं द्राक्षारस प्यायला हरकत नाही. मला हे वाक्य सगळ्या अध्यायात सुंदर वाटतं. या संन्यासाला परतीचं तिकीट आहे. पुढे मिश्नानं, म्हणजे ज्यूंच्या मौखिक कायद्याच्या संग्रहानं, मुदत बोलून दाखवली नसेल तर तीस दिवस धरायचे असं ठरवून टाकलं. तीस दिवस! आपल्या श्रावणाएवढे.

पण इतकं चांगलं वागून शेवटी पापार्पण कशाला? पाप कुठं झालं? ज्यू पंडितांनी यावर भरपूर वाद घातला. एका मतानुसार पाप हेच, की त्यानं स्वतःला द्राक्षारसाच्या सुखापासून तोडलं. म्हणजे ज्याला आपण तप म्हणतो तीच चूक. दुसरी बाजू त्याला पवित्रच मानते. तालमूदचं मला आवडतं ते हे, की दोन्ही मतं शेजारी-शेजारी छापलेली असतात आणि कोणी कोणाला ब्लॉक करत नाही.

त्याच चर्चेत शिमोन नावाच्या एका याजकाची आठवण येते. नाजीराच्या विटाळानंतरच्या प्रायश्चित्ताचं मांस तो खात नसे, कारण बहुतेक लोक रागाच्या भरात व्रत घेतात आणि दिवस वाढले की पस्तावतात, असा त्याचा अनुभव. एकदाच त्यानं ते खाल्लं. दक्षिणेकडून एक देखणा मेंढपाळ आला होता, कुरळ्या बटांचा. इतके सुंदर केस का उतरवतोस, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, की पाणी भरताना स्वतःचं प्रतिबिंब दिसलं आणि मन उधळलं. तेव्हा त्यानं त्या मनालाच दरडावलं, की जे तुझं नाही त्यावर कसला माज, आणि केस देवाला देऊन टाकायचं ठरवलं. शिमोननं त्याच्या डोक्याचा मुका घेतला. ग्रीकांचा नार्सिसस पाण्याकाठी अडकून संपला. हा तिथून उठून न्हाव्याकडे गेला. दिवसातून चाळीस सेल्फी काढणाऱ्या आपल्या पिढीनं कोणाची बाजू घ्यायची ते घ्यावं, मी मेंढपाळाच्या बाजूनं आहे. मुद्दा हा, की शिमोनला पटलेलं एकमेव व्रत स्वतःच्या डोक्यावरचं, स्वतःच्या तोंडानं घेतलेलं होतं.

नवस असूनही फेड स्वतःच्या अंगावर घेणारी एक राणी मिश्नात भेटते. अदियाबेनची हेलेना. मुलगा लढाईवर गेला, सुखरूप आला तर सात वर्षं नाजीर राहीन, असं ती बोलली. मुलगा आला. तिनं सात वर्षं पाळली. मग ती यहूदी देशात आली आणि हिल्लेलच्या पंथानं सांगितलं, की परदेशात पाळलेलं धरत नाही, आणखी सात वर्षं. तीही पाळली. दुसरी सात संपता संपता विटाळ झाला. एकूण एकवीस वर्षं. (एका पंडिताच्या हिशेबानं चौदाच, पण गोष्ट एकवीसवालीच लोकांना आवडते.) इतकी वर्षं तिनं भोगलं, पण मुलाच्या माथ्यावर काही टाकलं नाही.

आता गोष्टींकडे येऊ. इथं सगळं उलटं होतं.

शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एका निपुत्रिक बाईला देवदूत भेटतो. बाईला नाव नाही. नवऱ्याला आहे, मानोहा. दूत म्हणतो, तुला मुलगा होईल, त्याच्या डोक्याला वस्तरा लागू नये, तो जन्मापासून नाजीर असेल आणि पलिष्ट्यांच्या हातून इस्राएलला सोडवायला सुरुवात करील. तोवर तूही द्राक्षारस पिऊ नकोस. बाई घरी येऊन नवऱ्याला हे सांगते, आणि इथं जपून वाचायला हवं. तिच्या सांगण्यात वस्तरा नाही. सुटकाही नाही. उलट दूत जे बोललाच नव्हता ते तिनं घातलंय: मुलगा मरेपर्यंत नाजीर राहील. निरोप एका तोंडातून दुसऱ्या कानात जाताना केस गळाले आणि मरण आत आलं. लेखक यावर एक अक्षर बोलत नाही. पण हे नजरचुकीनं झालंय असं मला वाटत नाही. इतकी नेमकी अदलाबदल नजरचुकीनं होत नसते.

मग मानोहा देवाला विनवतो, दूताला परत पाठव, पोरानं कसं वागायचं ते कळू दे. दूत येतो आणि पुन्हा फक्त बाईनं काय खाऊ नये तेवढंच सांगतो. पोराचे नियम बापानं विचारूनही कोणी सांगत नाही.

हा पोरगा म्हणजे शमशोन. मराठीत ‘नवसाचं पोर’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते सगळं याच्यात आहे. हट्टी, लाडावलेला, अचाट ताकदीचा, आणि मला ती मुलगी आवडली, आणून द्या, असं आई-बापाला फर्मावणारा. गंमत म्हणजे याच्यासाठी नवस कोणी बोललंच नव्हतं; वरूनच आदेश आला होता. तिम्नाच्या द्राक्षमळ्यांपाशी तो सिंह फाडतो. पुढे त्याच मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यातला मध काढून खातो आणि आई-बापालाही देतो, कुठून आणला ते न सांगता. लग्नात सात दिवसांची मेजवानी देतो. तिला हिब्रूत जो शब्द आहे तो ‘पिणं’ या क्रियापदापासून आलेला. द्राक्षं, प्रेत, दारू, सगळं त्याच्या आजूबाजूला सांडलेलं आहे. उरतात ते केस.

मराठीत मुलांसाठी सांगतात त्या गोष्टीत शमशोन म्हणजे वाईट बाईच्या नादानं बुडालेला पहिलवान. १९४९च्या सेसिल बी. डमिलच्या सिनेमानंही हेच पक्कं केलं. मला हे वाचन आळशी वाटतं. दलीला विचारते, तो तीनदा थापा मारतो, आणि चौथ्यांदा खरं सांगतो, कारण तिच्या रोजच्या तगाद्यानं त्याचा जीव मरणाला टेकलेला असतो. आईच्या वाक्यातलं मरण इथं परत डोकावतं. आणि तो काय सांगतो? मी आईच्या पोटापासून देवाचा नाजीर आहे, माझ्या डोक्याला वस्तरा लागलेला नाही. मी कोण आहे, हे अख्ख्या कथेत तो एवढ्या एकाच वेळी बोलतो, आणि तेही जिच्या हातात त्याला पकडून द्यायचे पैसे पडणार आहेत तिच्यापाशी. मला यात गुपित फुटण्यापेक्षा एक दमलेला माणूस दिसतो. जे त्यानं घेतलं नव्हतं ते त्याला ठेवता येत नाहीये आणि टाकताही येत नाहीये. वस्तरा शेवटी दुसऱ्यांनीच लावला, तोही झोपेत. नाजीर करताना त्याला विचारलं नव्हतं, आणि मोडतानाही नाही.

हन्नाची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि मराठी वाचकाला जवळची. पहिल्या शमुवेलाच्या सुरुवातीला एलकानाच्या दोन बायका. पनिन्नाला मुलं आहेत आणि ती हन्नाला टोचून टोचून रडवते. हन्ना मंदिरात नवस बोलते, मुलगा दिलास तर तो जन्मभर तुझा, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजकाला वाटतं, बाई प्यायलीय. पोराला व्रतस्थ करणाऱ्या आईवर दारूचा आळ! (हिब्रूच्या रूढ पाठात तिच्या नवसात फक्त केस आहेत, ग्रीक भाषांतरात दारू वर्ज्य केल्याचंही आहे, आणि मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या एका प्रतीत ‘नाजीर’ हा शब्दच आहे.)

गणनाच्या तिसाव्या अध्यायानुसार बायकोनं बोललेला नवस नवरा ऐकल्या दिवशी मोडू शकतो. एलकाना मोडत नाही; तुला बरं वाटेल ते कर म्हणतो. हन्नाची बाजू घ्यावीशी वाटते. सवतीचे टोमणे, घरातली तिची जागा, तिच्याकडे बोलायला होतं तरी काय? पण दूध तुटल्यावर पोराला एलीकडे सोडून ती परत येते, आणि पुढे लेखक एकच तपशील देतो: दरवर्षी ती त्याच्यासाठी छोटा झगा शिवून नेते. दरवर्षी म्हणजे प्रत्येक वेळी माप अंदाजानं. एका वर्षात किती वाढला असेल, खांदे किती रुंद झाले असतील. या एका ओळीपुढे तिच्या विजयगीताचा माझ्यावर फारसा परिणाम होत नाही.

इफ्ताहच्या मुलीबद्दल थोडक्यात, कारण तिच्याबद्दल लांबण लावणं मला जमत नाही. लढाई जिंकली तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण, असं बाप बोलला. डफ वाजवत पोटची पोर आली. बाप मुलीचा नवस मोडू शकतो, पण बापाचा नवस मुलीनं कसा मोडायचा याचा नियम त्या अध्यायात नाही.

इथवर वाचून हे सगळं दूरच्या वाळवंटातलं वाटत असेल तर आपलं जावळ आठवा. मामाच्या मांडीवर पहिल्यांदा उतरवलेलं. माझं नवसाचं होतं, त्यामुळे पाच वर्षांचा होईपर्यंत मी दोन वेण्या घालून गल्लीत हिंडायचो आणि लोक मला मुलगी समजायचे. आमच्याकडे फोटो आहे. माझं काही वाईट झालं नाही, केस कर्णपुऱ्याच्या यात्रेत उतरवले, पेढे वाटले, संपलं. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातही हेच होतं, फक्त त्यांच्या पाठीशी थेट गणनाचा सहावा अध्याय होता. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापलेल्या इतिहासात ही चाल येते: मूल होत नसलेली बाई नाजीराचा नवस बोलायची, मुलाचे केस सहा-सात वर्षं वाढवायचे, मग उतरवून सोन्या-चांदीत तोलायचे आणि तेवढा पैसा दानाला द्यायचा. जावळ आणि नाजीर कोकणात एकाच घरात नांदत होते. इथं नवसालाही मुदत आहे, आणि फेड पैशात. पोर मोकळं.

पण सगळ्यांना पैशात फेडता येत नाही. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपात आलं. महार घरातला थोरला मुलगा देवाला पोतराज म्हणून सोडण्याची चाल त्यात आहे. पोरं जगत नव्हती, खायला नव्हतं, औषध नव्हतं. आई-बापांकडे देवाशी सौदा करायला पोरांशिवाय काहीच नव्हतं. मग एक मुलगा देवीचा. त्याचे केस वाढणार, कमरेला चिंध्यांचं वस्त्र येणार, हातात कोरडा येणार. पार्थ पोळके यांनी पोतराजाच्या घरातलं आत्मकथन लिहिलं, त्याचं नावच त्या वस्त्रावरून ‘आभरान’. शमशोनाच्या शेजारी ही पुस्तकं ठेवून वाचली, की मला पवित्र ग्रंथाची एक उणीव जाणवते. शमशोन काय वाटतं ते कधीच सांगत नाही. शमुवेल सांगत नाही. इफ्ताहची मुलगी दोन महिने डोंगरांत रडायला मागते, पण तिच्या रडण्यातले शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत. वाहिलेल्या पोराच्या बाजूनं बोलणारं पान त्या ग्रंथात नाही आणि दलित आत्मकथनांत ते आहे. साहित्य म्हणून तुलना करायची तर शास्तेचा निवेदक कारागीर मोठा. पण मला जे जाणून घ्यायचं होतं ते फलटणच्या एका बाईनं लिहिलं.

आंबेडकरी चळवळीतल्या पोरांनी पोतराजांचे केस कापले. आज अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते देवीच्या नावानं वाढलेल्या जटा सोडवतात, तासन् तास बसून, कात्रीनं. केस कापणं हा निषेध असू शकतो हे आपल्याकडे आता अनेकांना ठाऊक आहे. मला वाटायचं, हे आधुनिक आहे. पण मिश्नाच्या नाजीर प्रकरणात चौथ्या अध्यायात एक नियम सापडला. बाप आपल्या लहान मुलाला नाजीर करू शकतो. आई करू शकत नाही. (म्हणजे या नियमानं हन्नाचा नवसच बेकायदा ठरतो. पंडितांना हे दिसलं नसेल असं नाही.) पण मुलानं स्वतः डोकं भादरलं, किंवा त्याच्या नातेवाइकांनी भादरलं, किंवा त्यानं नुसतं ‘नको’ म्हटलं, किंवा नातेवाइकांनी त्याच्या वतीनं म्हटलं, तर नाजीरपण सुटलं. कारण द्यावं लागत नाही. देवाची माफी मागावी लागत नाही.

नियम तिथंच थांबत नाही. पोराच्या नावानं आधीच बाजूला काढलेल्या जनावरांचं काय करायचं, याचा हिशेब लगेच पुढे येतो. होमार्पणाचं कोकरू होमालाच द्यायचं. शांत्यर्पणाचा एडका अर्पण करायचा आणि त्याच दिवशी खाऊन संपवायचा. भाकऱ्यांची टोपली लागत नाही. पापार्पणाची मेंढी मात्र कोणाच्याच नावावर चढवता येत नाही. ती मरेपर्यंत तशीच ठेवायची.